न चाखलेला परिच्छेद

माझी सून विड्याच्या पानावर पीएच.डी. करते हे मी शेजारणीला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "पान खायला एवढं शिकावं लागतं?" मनातून माझाही प्रश्न तोच होता. कुंभकोणमला पान खाणारे सगळेच. पानावर लिहिणारी ही एकटीच असेल असं मला वाटायचं. पुढे कळलं की पानावर लिहिणाऱ्यांची देशोदेशी रांग लागलेली आहे, आणि तीच माझ्या सुनेची अडचण होती.

तिचा विषय साधा आहे. मळ्यात खुडलेलं पान विकलं जाईपर्यंत हिरवं कसं ठेवायचं. पान पिवळं पडलं, त्यावर काळे डाग आले, की ते ना लग्नाच्या ताटात ठेवता येतं ना देवापुढे. मग कोणी पानांची कवळी, म्हणजे जुडी, ओल्या फडक्यात गुंडाळतं, कोणी केळीच्या खोडाच्या सालीत बांधतं, कोणी प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोणी थंड पेटीत. तिला स्वतःचे प्रयोग करायचे होते. पण विद्यापीठाचा नियम असा की आपलं सांगण्याआधी इतरांनी काय सांगून ठेवलंय ते वाचायचं, तोलायचं आणि त्याचं एक प्रकरण लिहायचं. त्याला पूर्वीच्या संशोधनाचा आढावा म्हणतात. मला तो नियम पटला. नव्या सुनेनं आल्या दिवशी स्वयंपाकघरातले डबे हलवू नयेत, आधी कुठे काय आहे ते बघावं, त्यातलंच हे.

त्या एका प्रकरणात ती वर्षानुवर्षं अडकून पडली. आधी माझी नात लहान होती. मग माझा गुडघा बदलला. मग माझ्या मुलाची बदली चेन्नईला झाली आणि घर हिच्या एकटीच्या डोक्यावर आलं. ती इथल्या एका खासगी कॉलेजात शिकवते. कॉलेजनं सांगून ठेवलं होतं की पीएच.डी. नसेल तर पुढच्या वर्षी ठेवणार नाही. विद्यापीठानं मुदत वाढवली, पुन्हा वाढवली, आणि शेवटी कळवलं की पोंगलच्या आत आढाव्याचं प्रकरण मंजूर झालं नाही तर नोंदणी रद्द. म्हणजे इतक्या वर्षांचे कष्ट गेले आणि नोकरीही गेली. हे तिनं मला रडून सांगितलं नाही. डोशाचं पीठ वाटता वाटता सांगितलं.

मी म्हटलं, "मग वाचून टाक की भराभर."

"आत्या, शेकडो लेख आहेत."

"शेकडो लोकांना पानाशिवाय उद्योग नाही?"

"नाही ना," ती म्हणाली. "माझ्यासारखेच आहेत सगळे."

आमच्यात सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामंजी. मराठ्यांच्या राज्यात आमची माणसं तंजावर मुलखात आली; राज्य गेलं, आम्ही राहिलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मी पाचवीपर्यंत शिकले, तेही तमिळ शाळेत. मराठी अक्षरं वडिलांनी घरी गिरवून घेतली. इंग्रजी मला येत नाही.

तिच्या कॉलेजातल्या एका बाईनं तिला एआय वापरायला शिकवलं. मी ते पहिल्यांदा पाहिलं ते ओट्यावर. सून कॉलेजातून आली की फोन पाण्याच्या कळशीला टेकवून उभा करी आणि भाजी चिरता चिरता त्याच्याशी बोले. लेख त्यात आधीच घातलेले असत. मग विचारायचं, या लेखात पानाची जात कोणती, बांधलं कशात, कोणत्या ऋतूत, शेवटी काय झालं. ते उत्तर देई आणि ते लेखात कुठे लिहिलंय ती जागाही दाखवी. सगळ्या लेखांचा मिळून तक्ता करून देई. उत्तर मराठीत हवं म्हटलं तर मराठीत. त्याची मराठी पुण्याकडची होती, आमच्यासारखी जुनी आणि तमिळ वळणाची नव्हती. पण मला समजत होती.

"अतिशय उत्तम प्रश्न विचारलात!" असं ते पहिल्याच दिवशी म्हणालं.

मी सुनेला विचारलं, "हे सगळ्यांनाच असं म्हणतं?"

"सगळ्यांनाच."

"मग त्या म्हणण्याची किंमत शून्य. त्याला सांग, कामाचं बोल."

तिनं तसं सांगितलं, आणि ते खरोखर कामाचं बोलू लागलं. माणसांना हे सांगून मी थकले आहे.

मला तिथे बसवायचं कारण होतं. ती म्हणायची, "आत्या, मी सांगते ते तुम्हाला कळलं तर मार्गदर्शक बाईंना नक्की कळेल." म्हणून मी अळूच्या देठांचे दोर काढत बसायची आणि जे कळलं नाही ते विचारायची. एकदा मी म्हटलं, "हा एक म्हणतो पान थंडीत ठेवा, दुसरा म्हणतो थंडीनं पान काळं पडतं. दोघांतला खोटारडा कोण?" सुनेनं तोच प्रश्न फोनला केला. त्यानं सांगितलं की दोघांनी वेगवेगळ्या जातीची पानं घेतली होती आणि एकाची पेटी दुसऱ्यापेक्षा बरीच जास्त थंड होती. दोघांचं म्हणणं आपापल्या जागी खरं असू शकतं. सुनेनं लगेच हात धुतले आणि दोन्ही लेख उघडून पाहिले. तसंच होतं. तेव्हा मला आढावा म्हणजे काय ते कळलं. भांडणारी दोन माणसं एकाच गोष्टीबद्दल भांडतायत का, हे आधी बघायचं. आमच्या घरात हे कोणी बघत असतं तर निम्मी भांडणं झाली नसती.

त्या यंत्राला मी देव मानत नाही. एकदा त्यानं एका लेखाचं नाव सांगितलं, लिहिणाऱ्याचं नाव सांगितलं, कुठल्या मासिकात आला ते सांगितलं, सगळं ठाकठीक. सुनेनं शोध शोध शोधला. तसा लेख या जगात नव्हता. तिनं त्याला विचारलं, तर म्हणतं, "क्षमस्व, माझ्याकडून चूक झाली."

मी म्हटलं, "पकडेपर्यंत ऐट आणि पकडल्यावर क्षमस्व. आपल्या गल्लीत असले दोघे आहेत."

"म्हणून मी त्याच्या शब्दावर काहीच लिहिणार नाही," सून म्हणाली. "ते बोट दाखवील, बघायचं माझ्या डोळ्यांनी."

आणि तिनं तसंच केलं. यंत्रानं दाखवलेल्या जागी जाऊन मूळ लेखातलं वाक्य वाचायचं, जुळलं तर पेन्सिलीनं खूण करायची, मगच आपल्या शब्दांत लिहायचं. तरीही पूर्वीपेक्षा काम कितीतरी भराभर होत होतं, कारण कुठे बघायचं हे शोधण्यातच आधी तिचे दिवस जात होते. संध्याकाळी ती जेवायला आमच्याबरोबर बसू लागली. पूर्वी ताट झाकून ठेवावं लागे. त्या एका गोष्टीसाठी मी त्या यंत्राचे उपकार मानते, आणि ते मनापासून.

माझा धाकटा दीर तिरुविडैमरुदूरला राहतो. रिटायर झालेला माणूस, वेळ जात नाही, बसमध्ये बसतो आणि इकडे येतो. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते आणि तो मला वैनी म्हणतो. त्याला हे यंत्र पसंत नव्हतं.

"वैनी, अस्कं वाचायचं काम यंत्र करतं," तो म्हणाला. आमच्या बोलीत 'अस्कं' म्हणजे सगळं. "मग पदवी पण यंत्रालाच द्या. सूनबाईला कशाला?"

"तू वर्तमानपत्र आणतोस, मथळे वाचतोस आणि दिवसभर आम्हाला राजकारण शिकवतोस," मी म्हटलं. "तुला कोणी पदवी दिली?"

"तुम्ही कॉफी द्या, तेवढं पुरे."

आता माझ्या नवऱ्याबद्दल सांगावं लागेल. आयुष्यभर त्याला 'अहो' म्हटलं. इथे 'तो' म्हणते, ऐकायला तो नाही. तो इथल्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. तरुणपणी त्यानं एक लेख लिहिला होता, इंग्रजीत, आणि तो एका मासिकात छापून आला होता. तोही विड्याच्या पानावरच. सुनेला हा विषय सुचला त्याचं कारण तेच. त्या लेखाची सुटी छापील प्रत आमच्या घरात पिवळ्या रेशमी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलेली असते. सरस्वतीपूजेला पुस्तकं मांडतो तेव्हा ती सगळ्यांत वर ठेवायची, तिला गंध लावायचं, फूल वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी परत फडक्यात. ती उघडायची नाही असं कोणी सांगितलं नव्हतं. कोणी उघडली नव्हती, एवढंच.

त्यात काय लिहिलंय हे मात्र आम्हा सगळ्यांना पाठ होतं. दरवर्षी कार्तिकात नवऱ्याचं श्राद्ध असतं. जेवणं झाली की दीर पानाला चुना लावत लावत आलेल्या माणसांना सांगतो, "दादानं जगात पहिल्यांदा दाखवलं की केळीच्या सालीत बांधलं तर पान महिनाभर हिरवं राहतं. भर वैशाखातसुद्धा! परदेशच्या लोकांनी ते उचललं आणि दादाचं नाव गाळलं." माणसं चुकचुकतात. मीही इतक्या वेळा ऐकलं होतं की मला ते खरंच वाटत होतं.

त्या वर्षीच्या श्राद्धाच्या सुमाराला सुनेचं प्रकरण संपत आलं होतं. शेवटी तिनं मामंजींवर एक परिच्छेद लिहिला आणि तो सगळ्यांत आधी घातला. मला मराठीत वाचून दाखवला. कुंभकोणममधल्या एका अध्यापकानं हे सर्वांत आधी सिद्ध केलं, भर उन्हाळ्यातही पान महिनाभर टिकतं, वगैरे. दीरही होता. त्याचे डोळे भरून आले. मला बरं वाटलं. सगळे खूश. तिनं प्रकरण मार्गदर्शक बाईंना पाठवून दिलं.

आमच्याकडे श्राद्धाचा स्वयंपाक करताना चाखायचं नाही. मीठ कमी पडो, जास्त पडो, पितरांच्या आधी जिभेला लावायचं नाही. अंदाजानं करायचं आणि हात जोडायचे. सुनेनं तो परिच्छेद असाच लिहिला होता. दुसऱ्या सगळ्यांचे लेख तिनं यंत्रात घातले, तपासले, खुणा केल्या. मामंजींचा लेख त्या ढिगात घालायचं तिच्या मनातच आलं नाही. तो उष्टा झाला असता.

मार्गदर्शक बाईंचं उत्तर आलं तेव्हा ती पाटावर बसून नारळ खवत होती. फोन वाचला आणि खवणीवर हात तसाच राहिला.

"काय झालं?"

"बाई म्हणतात, मामंजींचा लेख त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून काढून वाचला. मी लिहिलंय ते त्यात नाही. उलटच आहे." मग तिनं पुढचं वाचून दाखवलं. "'हा परिच्छेद एआयनं रचला आहे का? एक असं असेल तर बाकीच्या प्रकरणावर मी विश्वास कसा ठेवू? याचा खुलासा झाल्याशिवाय मी सही करणार नाही.'"

पोंगल जवळ आला होता. दारात रांगोळ्या मोठ्या व्हायला लागल्या होत्या.

"पण तेवढा एकच परिच्छेद यंत्रानं केलेला नाही," मी म्हटलं.

"तेच तर, आत्या," ती म्हणाली आणि हसली. ते हसू बघवत नव्हतं.

मी तिला म्हटलं, "कपाट उघड."

तिनं हात धुतले, फडकं सोडलं. वर्षानुवर्षांच्या गंधानं वरचं पान टणक झालं होतं आणि आतली पानं कडेला चिकटली होती. तिनं सुरीच्या पात्यानं ती हळूहळू सोडवली. प्रत्येक पानाचे फोटो काढले आणि यंत्रात घातले. मग फोन माझ्यासमोर ठेवला. "तुम्ही विचारा. मला धीर होत नाही."

मी विचारलं, "या लेखात केळीच्या सालीतलं पान वैशाखात महिनाभर टिकतं असं लिहिलंय का?"

"नाही," ते म्हणालं. कामाचं बोल म्हणून सांगितलेलं त्याच्या लक्षात होतं की काय कोण जाणे. पुढे त्यानं सांगितलं की लेखकानं कवळ्या वेगवेगळ्या प्रकारे बांधून पाहिल्या. थंडीच्या दिवसांत केळीच्या सालीतल्या कवळ्या ओल्या फडक्यातल्यांपेक्षा जास्त दिवस हिरव्या राहिल्या. उन्हाळ्यात मात्र त्याच कवळ्या आतून कुजल्या, बाहेरून हिरव्या दिसत असताना. लेखक म्हणतो की घट्ट बांधलेल्या कवळीच्या पोटात ऊब आणि ओल साठते, तिच्यावर मला उपाय सापडला नाही. माझ्या कवळ्या थोड्या होत्या, तेव्हा यावर फार विसंबू नये.

सून मूळ पानावर बोट ठेवून ओळ न् ओळ जुळवत होती. "बरोबर आहे," ती म्हणाली. "तसंच लिहिलंय. शब्दाला शब्द."

तेवढ्यात मला तो वास आला. खरा नाही, आठवणीतला. लग्नाला थोडीच वर्षं झाली होती. मागच्या पडवीत कवळ्या टांगलेल्या असायच्या, आणि त्या उन्हाळ्यात त्यांना असा वास सुटला की सासूबाईंनी तिकडे तुळशीला पाणी घालायला जाणं सोडलं. तो नाकाला पंचा लावून एकेक कवळी सोडायचा, काळी पानं वेगळी करायचा आणि लिहीत बसायचा. मी एकदा म्हटलं होतं, "अहो, टाका ना हे कावेरीत." तो म्हणाला होता, "टाकून कसं चालेल? हेच तर लिहायचंय." मला वाटलं होतं, या माणसाला नाक नाही.

इतकी वर्षं त्याच्याबरोबर राहिले, त्याच्या पानांचा वास सोसला, आणि त्यानं काय लिहिलं ते मला माहीत नव्हतं. इंग्रजी येत नाही म्हणून कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. ते एका फोननं, तो गेल्यानंतर, भर दुपारी खोबऱ्याच्या ताटाशेजारी मला सांगितलं. मी डोळ्यांतून पाणी काढणारी बाई नाही. पण मी सुनेला म्हटलं, "परत एकदा सांगायला लाव." आणि ते परत ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दीर आला. त्याला सगळं सांगितलं तसा तो तापला.

"वैनी, त्या यंत्राचं काय घेऊन बसलात? ते खोटं बोलतं हे तुम्हीच मला सांगितलं होतं. नसलेला लेख आहे म्हणून सांगितला त्यानं. आता असलेल्या लेखात नसलेलं सांगतंय!"

"म्हणून सूनबाईनं मुळातून वाचलं."

"तिला घाई आहे. घाईत वाचलं असेल."

मी ती प्रत त्याच्या हातात दिली. "तुला इंग्रजी येतं. घाई तर तुला जन्मात नाही. वाच."

तो चष्मा लावून ओसरीवर बसला. मी कॉफी नेऊन ठेवली ती तशीच निवली. पानं उलटायचा आवाज येत होता, मग तोही थांबला. चष्मा काढून तो म्हणाला, "दादानं स्वतःचाच प्रयोग फसला असं छापून आणलं?"

"फसला म्हणून नाही. झालं ते छापून आणलं."

"मग महिनाभर..." तो थांबला. "ते मीच आईला सांगायचो, वैनी. लेख छापून आला तेव्हा आईनं विचारलं, यात काय आहे. काय सांगणार, पानं कुजली? मग सांगितलं थोडं वाढवून. तिला बरं वाटलं. पुढच्या वर्षी अजून थोडं."

"वैशाख कधी घातलास?"

"तो बहुतेक आई गेल्यावर," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं, सुनेची नोकरी टांगणीला होती, पण हसलो.

सून दारात उभी होती. ती हसली नाही. तिनं विचारलं, "आत्या, मामंजींचं नाव काढून टाकू का प्रकरणातून? बाईंना लिहिते, चूक झाली, काढलं. प्रश्न मिटेल."

दीर माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं मी हो म्हणेन, म्हणजे घरातली गोष्ट घरात राहील, श्राद्धाला सांगायला मोकळी.

मी म्हटलं, "काढायचं कशाला? त्यानं काम केलंय. जेवढं केलंय तेवढं लिही. आणि बाकीच्यांना जसं तपासलंस तसं यालाही ढिगात घाल."

तिनं घातलं. मग यंत्राला विचारलं की या लेखाचा उल्लेख नंतर कोणी केला आहे का. त्यानं दोघांची नावं काढली. एक निघाला भलताच, दुसऱ्याच कोणाच्या लेखाबद्दल लिहिणारा. सुनेनं मूळ उघडलं तेव्हाच ते कळलं. दुसरा मात्र खरा होता. आपल्याच देशातल्या, पण दूरच्या किनाऱ्यावरच्या एका माणसानं पुष्कळ वर्षांनी लिहिलं होतं की घट्ट कवळीच्या पोटात ऊब साठून पान आतून कुजतं, ही गोष्ट पूर्वी कुंभकोणमला एकानं नोंदवलेली आहे. म्हणून आम्ही कवळी सैल बांधून आणि मधे वारा खेळेल अशी जागा ठेवून पाहिली. आणि त्याचं पान उन्हाळ्यातही बरं टिकलं होतं. महिनाभर नाही. पण बरं.

सुनेनं ते मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे त्याची कुजलेली पानं कोणाच्या तरी उपयोगी पडली."

"तीच पडली, आत्या. हिरवी राहिलेली नाहीत पडली. थंडीत काय, कशातही पान टिकतंच."

दीर म्हणाला, "परदेशच्यांनी उचललं म्हणायचो मी, ते हेच असेल."

"हा परदेशचा नाही. आणि यानं नाव गाळलेलं नाही," सून म्हणाली.

नवा परिच्छेद तिनं आधीच्या जागी, डोक्यावर नाही घातला. मधे घातला, सालीत बांधलेल्या पानांबद्दल लिहिणाऱ्या इतरांच्या रांगेत, दोन-तीन ओळींचा. माझ्या नवऱ्याचं बोट कुजण्याच्या कारणावर आधी पडलं, आणि त्याला उपाय सापडला नाही, हे दोन्ही लिहिलं. बाईंना खुलासा लिहिला, तोही मला वाचून दाखवला. त्यात तिनं यंत्रावर ढकललं नाही. ढकलता आलं असतं. बाईंचा संशय तिकडेच होता, आणि यंत्र काही उठून भांडलं नसतं. तिनं लिहिलं की प्रकरणातलं बाकी सगळं एआयच्या मदतीनं शोधलं आहे आणि प्रत्येक वाक्य मुळाशी ताडून पाहिलं आहे, त्या खुणा सोबत जोडल्या आहेत. हा एक परिच्छेद घरात ऐकलेल्या गोष्टीवरून लिहिला, लेख हाताशी असून वाचला नाही, ही चूक माझी.

मग वाट बघणं आलं. भोगीच्या आदल्या दिवशी बाईंचा फोन आला. सून पडवीत उभी राहून बोलत होती, "हो मॅडम, हो मॅडम." मी गुडघ्याला तेल चोळत होते तो हात थांबवून ऐकत होते, पण 'हो मॅडम' वरून काय कळणार?

ती आत आली. "सही केली. विद्यापीठात पाठवतायत आजच."

"आणि मामंजी?"

"म्हणाल्या, आता ते आपल्या जागी बसलेत."

ती खाली बसली, भिंतीला टेकली, आणि बोलता बोलता तिथेच झोपली. तोंड उघडं टाकून. मी तिला उठवलं नाही. पोंगलचा बाजार दीरानं आणला. मी त्याला यादी तोंडीच सांगितली आणि त्यानं हळद विसरून ऊस जास्त आणला.

ती उठली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. मी तिच्याजवळ गेले. माझ्या सासूनं मला कधी म्हटलं नाही आणि मीही हिला कधी म्हटलं नव्हतं. सुनेचे आभार मानायची आमच्यात रीत नाही. मी म्हटलं, "माझा नवरा मला नीट कळला तो तुझ्यामुळे. तुझे उपकार आहेत माझ्यावर."

ती दचकून ताठ बसली आणि माझ्या कपाळाला हात लावला. "आत्या, बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"बरं आहे," मी म्हटलं. "तोंड धू. कॉफी मी टाकते."